रानवाटेचा उजेड : पिकअपला जादा दिवे घेताना



हंगाम तोंडावर आला की गट ऑफिसच्या ओट्यावर आणि तिसगावच्या नाक्यावर चहाच्या टपऱ्यांपुढे दरवर्षी काही ठरलेल्या गोष्टी निघतात. तोडीची पाळी कधी येणार, टोळी कोणती मिळणार, भाव काय निघणार. अलीकडे त्यांत एका प्रश्नाची भर पडली आहे. 'दादा, पिकअपला फोकस कोणता लावावा?'

प्रश्न छोटा वाटतो, पण विचारणारे पुष्कळ आहेत. ट्रॅक्टर ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडे आता पिकअपही आली. बेणे तिच्यात, खताच्या गोण्या तिच्यात, ठिबकच्या नळ्या तिच्यात, वाढे तिच्यात आणि सकाळचे दूधही तिच्यातच. कारखाना रात्रंदिवस चालतो म्हणून फडही रात्रंदिवस चालतो. त्यात रात्रपाळीच्या विजेचा फेर आला की मोटार सुरू करायला मध्यरात्री रानात जावेच लागते. गाडी दिवसा डांबरीवर आणि रात्री पाणंदीत, असा हा संसार आहे. गाडी बनवणाराने दिवे दिले ते डांबरीच्या हिशेबाने. पाणंदीत ते कमी पडतात ही सभासदांची तक्रार खरी आहे.

पण उपाय म्हणून जे चालले आहे ते आम्हाला पटत नाही. दुकानात गेले, सर्वांत झगझगीत दिवा कोणता ते विचारले, टपावर एक लांबलचक पट्टी आणि बंपरवर चार गोळे बसवले, हेडलाइटच्याच वायरीला जोड मारला आणि घरी आले. मग आठ दिवसांत एक तर फ्यूज उडतो, नाही तर समोरून येणारा शिव्या घालतो. म्हणून वायरिंगवाले, जुने ड्रायव्हर आणि शेतकी खात्यातली मंडळी यांच्याशी बोलून हा लेख आम्ही मुद्दाम लिहीत आहोत.

आधी आहेत ते दिवे

जादा दिव्यावर पैसा घालण्यापूर्वी मूळ हेडलाइट एकदा नीट पाहावेत. काच पिवळी पडली आहे का, आतला आरसा काळवंडला आहे का, बल्बला पूर्ण दाब मिळतो का. बारा व्होल्टच्या हॅलोजन बल्बला गंजलेल्या जोडांमुळे आणि बारीक वायरीमुळे पावणेअकराच व्होल्ट पोचले, तर उजेड एक दशांशाने नव्हे, जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होतो. हॅलोजनचा स्वभावच तसा आहे. दाब थोडा उतरला की उजेड पुष्कळ उतरतो. वायरिंगवाल्याकडे मीटर असतो. इंजिन चालू ठेवून बल्बच्या टोकाला तो लावायला सांगावा. बॅटरीवर जेवढे व्होल्ट दिसतात आणि बल्बवर जेवढे दिसतात त्यांत अर्ध्या व्होल्टापेक्षा जास्त फरक असेल, तर आधी अर्थिंग घासून पक्के करावे आणि रिले बसवावा. एवढ्यावरच काहींचे काम भागेल आणि नव्या दिव्याचा खर्च वाचेल.

एक चूक फार होते. हॅलोजनसाठी बनवलेल्या हेडलाइटमध्ये एलईडीचा बल्ब खुपसतात. त्या हेडलाइटचा आरसा हॅलोजनची तार नेमकी जिथे असते तो बिंदू धरून घडवलेला असतो. तिथे दुसरी चीज आली की उजेड हवा तिथे न पडता चहूकडे विस्कटतो. आपल्याला वाटते की लख्ख पडले. खरे म्हणजे तो समोरच्याच्या डोळ्यांत आणि झाडांच्या शेंड्यांवर पडलेला असतो.

दूरचा उजेड की रुंद उजेड

दुकानात मुख्यत्वे दोन जातींचे दिवे मिळतात. एक भाल्यासारखा लांब जाणारा, त्याचा झोत साधारण दहा अंशांचा. दुसरा पसरट, साठ अंशांचा किंवा त्याहून रुंद. त्याला कामाचा दिवा म्हणतात. गिऱ्हाईक भुलते ते पहिल्याला, कारण दुकानासमोर उभे राहून तो रस्त्यापलीकडच्या झाडावर मारून दाखवता येतो.

आता हिशेब पाहू. दहा अंशांचा झोत दहा मीटरवर जेमतेम पावणेदोन मीटर रुंद असतो. म्हणजे साडेचार-पाच फुटी सरी धरली तर एक सरी आणि वर थोडे. साठ अंशांचा दिवा त्याच दहा मीटरवर साडेअकरा मीटर रुंदी दाखवतो. पाणंदीत आपल्याला काय पाहायचे असते? डावीकडची चारी, उजवीकडचा बांध, मधला दगड, वळणावर उसाच्या आड उभी असलेली बैलगाडी. यातले एकही शंभर मीटरवर नसते, सगळे वीस मीटरच्या आत असते.

वेगाचाही विचार करावा. पाणंदीत गाडी ताशी पंधरा किलोमीटरने चालली तर सेकंदाला चार मीटर जाते. ड्रायव्हरने पाहून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला आणि भुसभुशीत मातीत गाडी घसरत थांबते हे धरले, तरी नऊ-दहा मीटरमध्ये ती उभी राहते. तेव्हा वीस मीटर स्वच्छ आणि रुंद दिसले की काम झाले. डांबरीवर ताशी साठच्या वेगाला मात्र थांबायला पन्नास मीटरहून अधिक लागतात. पण तिथे गाडीचा मूळ अप्पर आहेच.

म्हणून आमची शिफारस सरळ आहे. रानासाठी दिवा घ्यायचा तर रुंद घ्यावा, लांबचा घेऊ नये. ज्यांची रोजची वाट करंजी घाटाकडच्या मुरमाड चढ-उतारांची आहे, त्यांनी हवा तर एखादा मध्यम झोताचा दिवा जोडीला ठेवावा. शेवगावच्या बाजूला उतरावे तशी जमीन काळी आणि सपाट होत जाते. तिकडच्या सभासदांना लांबच्या दिव्याचा काही उपयोग नाही. चाक कुठे रुतणार हे त्यांना समोरच्या पाच मीटरांत पाहायचे असते.

मागचा दिवा

सगळे पुढच्या दिव्यांचे बोलतात, मागच्याचे कोणी विचारत नाही. आमच्या मते पैसे एकाच दिव्यापुरते असतील तर तो मागे लावावा.

फडातली रात्र डोळ्यांपुढे आणा. पिकअप वाढे भरायला उलटी आत घ्यायची आहे. टोळीतली माणसे कोयते घेऊन इकडे-तिकडे आहेत, बाया मोळ्या बांधत आहेत. आपल्या पाथर्डी तालुक्यातली किती तरी कुटुंबे अशीच दुसऱ्या जिल्ह्यांत कोयता घेऊन जातात, तेव्हा हे चित्र आपल्याला कोणी सांगायला नको. लेकरे पाचटावर गोधडीत झोपवलेली असतात. अंधारात गोधडी आणि पाचट यांत फरक दिसत नाही. गाडीचा उलट जाण्याचा दिवा एवढासा. त्यात चाकामागचे दोन हात दिसतात आणि आरशात तर काहीच दिसत नाही. ड्रायव्हर किन्नरच्या 'येऊ द्या, येऊ द्या'वर गाडी मागे घेतो. किन्नर एका बाजूला उभा, दुसऱ्या बाजूला कोण आहे ते त्यालाही दिसत नाही.

हौद्याच्या मागच्या कोपऱ्यांवर, माणसाच्या छातीएवढ्या उंचीला, खाली रोखलेले दोन पसरट दिवे असले की गाडीच्या मागची आठ-दहा मीटर जागा उजळते. गाडी उभी राहिल्यावर भरणाऱ्यांनाही तोच उजेड कामाला येतो, हातातली बॅटरी दातांत धरून मोळ्या उचलाव्या लागत नाहीत. तरीही गाडी मागे घेण्यापूर्वी ड्रायव्हरने खाली उतरून एक फेरी मारलीच पाहिजे. दिव्याने ती फेरी सोपी होते, टळत नाही.

बाजूलाही एक लहान दिवा असला तर चांगलेच. आपल्या जिल्ह्यात बिबट्या उसात राहतो, ही आता नवलाची बातमी राहिलेली नाही. मोटारीच्या खोपटापाशी गाडी थांबवून दार उघडण्यापूर्वी बाजूचा दिवा लावून दोन मिनिटे नुसते बघत बसावे.

हॅलोजन की एलईडी

हा वाद टपरीवर मिटणारा नाही, पण आकडे तरी समोर असू द्यावेत. पंचावन्न वॅटचा हॅलोजन साधारण चौदाशे-दीड हजार ल्युमेन उजेड देतो आणि बॅटरीतून साडेचार ॲम्पिअरहून अधिक ओढतो. चांगला एलईडी एका वॅटला शंभराच्या आसपास ल्युमेन देतो, म्हणजे वीस वॅटच्या दिव्यात हॅलोजनहून थोडा जास्तच उजेड मिळतो आणि बॅटरीवर भार पावणेदोन ॲम्पिअरचाच पडतो. फडात गाडी बंद करून दिवा चालू ठेवायचा असेल तर हा फरक मोठा आहे. दोन हॅलोजन चार तास जाळले तर सत्तर ॲम्पिअर-तासाची बॅटरी निम्म्यावर येते आणि पहाटे धक्का मारायला टोळी उठवावी लागते. तेव्हा कामाचे दिवे एलईडीचेच घ्यावेत.

मात्र खोक्यावरचे आकडे जपून वाचावेत. वीस वॅटच्या दिव्यावर दहा हजार ल्युमेन छापले असतील तर तो दिवा ठेवून द्यावा. छापणाराला गणित येत नाही, नाही तर आपल्याला येत नाही असे त्याला वाटते. त्यापेक्षा 'आयपी ६७' असे लिहिले आहे का ते पाहावे. पहिला सहा म्हणजे धूळ आत जात नाही, पुढचा सात म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालतो. आपल्याकडे दिवा मरतो तो धुळीने आणि ओढ्याच्या पाण्याने, जळून क्वचितच. मागच्या बाजूला ॲल्युमिनियमचे जाड पंखे आहेत का तेही पाहावे, कारण एलईडीची उष्णता तिथूनच बाहेर पडते. आणखी एक साधी खूण अशी, की दिवा लावताच गाडीतला रेडिओ घुर्रघुर्र करू लागला तर आतले यंत्र हलके आहे असे समजावे.

रंगाविषयी विचारणा होते. निळसर पांढरा दिवा शोरूमध्ये छान दिसतो, फुफाट्यात तो डोळ्यांना त्रास देतो. थोडा पिवळसर दिवा डोळ्यांना सुखाचा वाटतो, हे बहुतेक ड्रायव्हर सांगतात. पण रंगापेक्षा उंची महत्त्वाची. पुढची गाडी गेल्यावर पाणंदीत जो फुफाटा उठतो, तो हवेत तरंगत राहतो. दिवा टपावर, म्हणजे आपल्या डोळ्यांच्या जवळ असला तर धुळीच्या प्रत्येक कणावरून उजेड उलटून आपल्याच डोळ्यांत येतो, समोर पांढरी भिंत उभी राहते. शिवाय बॉनेटवरही चमक पडते. तोच दिवा खाली बंपरच्या पातळीला, खाली झुकवून लावला की उजेड धुळीखालून जातो आणि जमीन दिसते. जानेवारीतल्या धुक्यालाही हेच लागू आहे. टपावरची पट्टी रुबाबदार दिसते हे आम्हालाही मान्य, पण रुबाब लग्नाच्या वरातीत ठीक.

वायरिंग : इथे काटकसर नको

दिवा स्वस्त मिळाला तर एक वेळ चालेल, वायर स्वस्त नको. आपली गाडी वाळल्या पाचटात उभी राहते हे वायरिंगवाल्याला माहीत नसते, आपल्याला माहीत असते. घासून उघडी पडलेली एक वायर पत्र्याला लागली, ठिणगी खाली पडली, तर गाडीबरोबर शेजारच्या सभासदाचा उभा ऊसही जातो.

जोडणी अशी असावी. बॅटरीच्या धन टोकापासून जाड वायर निघावी. बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच तिला फ्यूज असावा, कारण फ्यूजच्या अलीकडची वायर उघडी पडली तर तिला कोणी वाली नसतो. तिथून ती रिलेच्या तीस नंबरला जावी, सत्त्याऐंशी नंबरवरून दिव्यांकडे. शहाऐंशीला स्विचची बारीक वायर आणि पंच्याऐंशीला अर्थिंग. दिव्यांचा भार असा रिलेवरून जातो, स्विचवरून नाही. म्हणून स्विच तापत नाही. पंचावन्न वॅटचे दोन दिवे म्हणजे एकशे दहा वॅट. बाराने भागले की सव्वानऊ ॲम्पिअर. त्याला पंधरा ॲम्पिअरचा फ्यूज आणि अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते. फ्यूज उडतो म्हणून तीसचा घालणे किंवा चांदीचा कागद गुंडाळणे म्हणजे राखणदाराला दारू पाजून झोपवण्यासारखे आहे. फ्यूज का उडतो ते शोधावे.

स्विचला वीज किल्लीवरून घ्यावी, म्हणजे किल्ली काढल्यावर दिवा चुकून चालू राहत नाही. मागच्या कामाच्या दिव्यांची गोष्ट वेगळी. ते गाडी बंद असताना लागतात, म्हणून त्यांना स्वतंत्र स्विच आणि स्विचजवळ लहान तांबडी खुणेची बत्ती द्यावी. पुढचे आणि मागचे एकाच स्विचवर कधीही घेऊ नयेत.

वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी बुश, चासीवरून जाते तिथे लवचिक नळी, आणि सायलेन्सरपासून हातभर दूर. अर्थिंगच्या जागी रंग खरवडून, नट आवळून वर ग्रीस लावावे. वस्तीवर गाडी चार दिवस उभी राहिली की उंदीर वायरी कुरतडतात. हंगामात आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून नजर टाकावी. हॅलोजन दिवा असेल तर त्याची काच तापून भाजेल इतकी गरम होते. वाढ्याचा भारा त्याला टेकू देऊ नये आणि तापलेल्या काचेवर पाणी मारू नये, तडकते.

डांबरीवर चढताना

पाणंद संपून गाडी महामार्गाला लागली की हे सगळे जादा दिवे बंद झाले पाहिजेत. कल्याणहून नगर, करंजी, तिसगाव, पाथर्डीवरून पुढे निर्मलकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ आपल्या दारातून जातो. त्यावर रात्रीची रहदारी केवढी असते ते सांगायला नको. मोटारवाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ बनावटीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि १९८९ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे समोरच्याचे डोळे दिपतील असा दिवा रस्त्यावर चालत नाही. पुढच्या बाजूला तांबडा दिवा आणि चालत्या गाडीच्या मागे पांढरा झोत, हेही मना आहे. बंपरपुढे लोखंडी गार्ड बसवून त्यावर दिवे लावण्याची पद्धत होती. त्या गार्डांवर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये कारवाईच्या सूचना दिल्या. तेव्हा दिवा मूळ बंपरच्या पट्टीवरच घ्यावा, जादा दिव्यांना झाकणे घ्यावीत आणि डांबरीवर ती घालावीत. बसवण्यापूर्वी परिवहन कार्यालयात एकदा विचारून घेतलेले बरे.

कायदा बाजूला ठेवला तरी समोरच्याचे काय होते ते पाहा. झोत डोळ्यांवर आला की नजर पूर्ववत व्हायला काही सेकंद जातात, वयस्कर माणसाला अधिक. ताशी चाळीसने येणारा मोटारसायकलवाला तीन सेकंदांत तेहतीस मीटर आंधळा येतो. त्या तेहतीस मीटरांत आपलीच उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी असेल. हंगामाचा शेवट आणि मढीची यात्रा साधारण एकाच वेळी येते. होळीपासून पाडव्यापर्यंत कानिफनाथांच्या दर्शनाला माणसे रात्री पायी चालत असतात, लेकराबाळांसह, रस्त्याच्या कडेने. त्यांना डिपर देता येत नाही.

दिव्याचा रोख तपासायला दुकानात जावे लागत नाही. सपाट जागी भिंतीसमोर दहा मीटरवर गाडी उभी करावी. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्यावर भिंतीला खडूने आडवी रेघ मारावी. पुढच्या रुंद दिव्याच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या दहा ते वीस सेंटिमीटर खाली असावी. हे गाडीत नेहमीचा माल भरून करावे. माल भरला की मागच्या कमानी दबतात, गाडीचे तोंड वर होते आणि रिकाम्या गाडीला बेताचा वाटलेला झोत थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

दिसणे आणि दाखवणे

१९५०-५१ साली प्रवरेच्या कारखान्याचा पहिला हंगाम झाला तेव्हापासून आपल्या जिल्ह्याने उसाच्या बैलगाड्यांच्या रांगा पाहिल्या. गाडीच्या कण्याखाली कंदील लटकत असे, बहुधा ओगलेवाडीचा प्रभाकर. त्या कंदिलाच्या उजेडात बैलांना वाट दिसत होती असे नाही. बैलांना वाट पाठच होती. कंदील होता तो मागून येणाऱ्याला गाडी दिसावी म्हणून. आज आपण पुढच्या फोकसवर हजारो रुपये घालतो आणि ट्रॉलीच्या मागे मात्र काही नसते. उसाचे शेंडे लोंबून असलेले दिवेही झाकून टाकतात. रात्री मागून येणाऱ्याला दिसतो तो नुसता काळा ढीग, तोही दहा मीटरवर आल्यावर.

म्हणून पिकअपच्या दिव्यांचे बजेट करताना त्यातला पहिला हिस्सा ट्रॉलीसाठी काढावा, अशी आमची विनंती आहे. चमकणारी पट्टी मागे तांबडी, बाजूंना पिवळी, पुढे पांढरी. मागची पट्टी फळीच्या पूर्ण रुंदीला असावी, म्हणजे ट्रॉली केवढी आहे ते कळते. दोन टोकांना दोन तुकडे चिकटवले तर अंधारात त्या दोन मोटारसायकली वाटतात. ट्रॉली दोन असतील तर दोन्हींना लावावी, मधल्या जोडदांडीलाही एक तुकडा असावा. भरताना मागचे वाढे छाटून घ्यायला मुकादमाला सांगावे. वाटेत गाडी बंद पडली तर रस्त्यावर दगड न मांडता चमकणारा त्रिकोण पन्नास पावले मागे ठेवावा, आणि निघताना दगड मांडलेच असतील तर उचलून बाजूला टाकावेत.

पट्टी लावली तरी चार खेपांत ती चिखलाने माखते. वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत गाडी उभीच असते. तेवढ्यात ओल्या फडक्याने मागची पट्टी आणि दिव्यांच्या काचा पुसून घ्याव्यात. फडके आणि पाण्याची बाटली ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवून द्यावी.